तुझा मागवाला बरोबर होता

सोलापूर, रविवार रात्र

प्रिय अव्या,

दिवाळीपासून फोन नाही, मेसेज नाही, शिव्या घालत असशील. घाल. इकडं सगळं ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझं बीपी गोळीवर आहे. आज लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणानं. घरात सांगून बघितलं, कुणाला कळेना.

शुक्रवारी रात्री ओमबरोबर 'इटर्नल्स' बघितला, तो सुपरहिरोंचा पिक्चर. २०२१ ला आपला बेत होता, आठवतंय का बे? थेटरं नुकती परत उघडलेली, पिक्चर ऐन पाडव्याला लागला आणि तू आला नाहीस. तुझ्याशिवाय बघायचा नाही म्हणून इतकी वर्षं ठेवला होता. शेवटी ओमनं हट्ट धरला.

आता ऐक. शेवट जवळ आलेला. समुद्रातून एक महाकाय डोकं वर येतंय, पृथ्वी फुटायची वेळ, आणि तेवढ्यात नळाचा आवाज आला. चार दिवसांनी पाणी! मी उठलो. हंडा भरला, पिंप भरलं, मोटार लावली. 'थांबव रे जरा' असं म्हणायचंसुद्धा सुचलं नाही. परत आलो तर त्यांच्यातलाच एक हिरो, इकारिस, सूर्याकडं झेपावत होता, जीव द्यायला. ओमनं विचारलं, "बाबा, हा कुठला?"

अडीच तास बघून झाल्यावर, अव्या! आणि शक्तिमान संकटात सापडला की आता गंगाधरची नोकरी जाईल म्हणून तुझ्या घरी रडणारा मी, टॉवेलला हात पुसत उभा होतो.

दोन दिवस तेच डोक्यात आहे. आधी वाटलं, आपलंच वय झालं. तसं नाही. क्लोई झाओसारखी बाई दिग्दर्शक. त्याच वर्षी तिला ऑस्कर मिळालं ते व्हॅनमध्ये राहणाऱ्या एका एकट्या बाईच्या सिनेमासाठी. माणूस दाखवता येत नाही असं तिच्याबद्दल कोण म्हणेल? ऊन, माती, समुद्र, सगळं इतकं खरं टिपलंय की बघत राहावं. पण माणसं दहा! प्रत्येकाची शक्ती दाखवायची, प्रत्येकाचं जुनं प्रकरण सांगायचं, की लगेच पुढचा. सात हजार वर्षं पृथ्वीवर राहिलेत म्हणे. सर्सी आणि इकारिस यांचं प्रेम पाच हजार वर्षांचं, गुप्तांच्या काळात आपल्याकडं लग्नही लागतं. पण तिला त्याच्या कुठल्या सवयीचा राग येतो, तो घरी आल्यावर आधी काय करतो, काही म्हणजे काही कळत नाही. तू आणि वहिनी पहिल्याच आठवड्यात भाकरीच्या जाडीवरून दोन दिवस बोलत नव्हता. मला तुमचं लग्न जास्त माहीत आहे.

जीव लागला तो दोघांवर. एक गिल्गामेश. आठवणी हरवत चाललेल्या थीनाला शतकानुशतकं सांभाळतो, तिला रांधून घालतो. तो गेला तेव्हा आत हललं. आणि दुसरा आपला हरीश पटेल! बॉलिवूडचा हिरो होऊन बसलेल्या किंगोचा नोकर करुण. शक्ती काही नाही, कॅमेरा घेऊन धन्यामागं धावतो. मारामारी सुरू झाली की मी फक्त त्यालाच शोधत होतो, ह्या म्हाताऱ्याला काही होऊ नये म्हणून.

तेव्हाच तुझा मागवाला आठवला. आठवीतली आपली दोनशे पानी वही. मला परग्रहावरचा हिरो पाहिजे होता, मी त्याच्या चौदा शक्ती लिहून काढल्या होत्या. तुझा हिरो रात्रपाळीचा मागवाला, कापड विणणारा. सगळ्या गावातला तुटलेला धागा त्याला ऐकू येतो, पण मागाच्या खडखडाटानं कान गेल्यामुळं बायकोची हाक ऐकू येत नाही. तुझे अप्पाच होते ते, मला तेव्हाही कळलं होतं. तरी मी 'असला कसला हिरो' म्हणून पान फाडलं. तू संक्रांतीच्या गड्डा जत्रेपर्यंत बोलला नाहीस. मग नंदीध्वज बघताना, काठी पेलणाऱ्याची मान घामानं भिजलेली, तेव्हा म्हणालास, "तो थकतो म्हणून आपण बघतोय बे." मी त्यावरही वाद घातला. अप्पा गेले तेव्हा हे बोलायचं होतं, स्मशानात शब्द फुटला नाही. चूक माझी होती, अव्या.

आता काळजी ओमची. काल त्याची वही बघितली. त्यानंही हिरो काढलाय. नऊ शक्ती झाल्यात, नाव अजून नाही. काय सांगू त्याला? मी तोंड उघडलं की त्याचंही पान फाटेल अशी भीती वाटते. तू बोल त्याच्याशी. तुझं ऐकतो तो.

बदलीचं काय झालं? पोरीची दहावी ना यंदा, तिला फार बोलू नकोस. शेंगा चटणी आणि कडक भाकरी हुतात्मा एक्स्प्रेसनं कुणाबरोबर तरी पाठवतो.

गड्ड्याला ये. आणि ते फाडलेलं पान तू तेव्हा उचलून दप्तरात घातलं होतंस, मी बघितलं होतं. ठेवलं असशील तर घेऊन ये. ओमला दाखवायचंय.

तुझा,
संज्या