नागपूरच्या सदर भागातल्या कोल्ड स्टोरेजवाल्या (थंड ठेवलेलं मांस विकणाऱ्या) भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

होळीनंतरच्या शनिवारी भर दुपारी तुमच्या दुकानात आले होते आणि अर्धा किलो बेकन (डुकराचं खारवून धूर दिलेलं मांस) मागत होते, ती मी. लेकीचं सासर गोव्याचं. व्याही-विहीण पहिल्यांदाच नागपूरला येणार, जेवायला रोस्ट चिकन ठरलेलं, आणि सोबत बेकन घालून भाजलेल्या भाज्या हव्यात अशी लेकीची फर्माईश. आमच्याकडे सावजी मटण दणकून चालतं, पण डुकराचं मांस घरात कधी आलं नव्हतं.

तुम्ही पाकीट काढण्याआधीच विचारलंत, "अर्धा किलो कायले पाहिजे ताई? मटण करून राहिल्या का भाजी?" सहा माणसांच्या दीड किलो भाजीला दीडशे ग्रॅम पुरे, म्हणालात. गिऱ्हाईक जास्त मागत असताना कमी देणारा दुकानदार मी तरी बर्डीपासून सदरपर्यंत दुसरा पाहिला नाही. बेकन इथे मांस म्हणून घालायचं नसतं, त्याची चरबी म्हणजे फोडणीचं तेल आणि त्यातलं मीठ म्हणजे भाजीचं मीठ, हे तुम्ही उभ्याउभ्या समजावलंत. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती. हॉटेलच्या किचनमध्ये काही वर्षं काढलीत म्हणालात, ते बोलण्यातून कळतच होतं.

अ‍ॅस्परॅगस नावाची महागडी विलायती भाजीही तुम्हीच घेऊ दिली नाहीत. मग गोकुळपेठेतून आणले ते सुपारीएवढे नवे बटाटे, गाजरं, पांढरा मुळा, पातीचा कांदा आणि सरत्या हंगामाचा मटार. मुळा भाजायचा म्हटल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. पण उष्णतेने त्याचा उग्रपणा जातो, हे तुमचं म्हणणं अगदी खरं निघालं. बाहेरून तांबूस, आतून रसाळ, जवळजवळ गोड. ट्रेमधून सगळ्यात आधी मुळाच संपला.

कढईचं मात्र सविस्तर सांगते, कारण तुम्ही ते दोनदा बजावलं होतं. बेकनचे बोटभर रुंदीचे तुकडे थंड कढईत टाकले आणि मग बारीक गॅस लावला. आधी काहीच होईना. मग कडा काचेसारख्या पारदर्शक झाल्या, तळाशी चरबी सुटायला लागली, आणि कढईत त्या धुराचा वास भरला. तापलेल्या कढईत टाकले असते तर तुकडे आकसून करपले असते आणि चरबी आतच राहिली असती. पूर्ण कुरकुरीत व्हायच्या आत काढले आणि त्याच चरबीत बटाटे-गाजरं घोळवली.

ओव्हन 200 डिग्रीवर तापवला होता. बटाटे-गाजरांना पंचवीस मिनिटं, मग मुळा आणि कांद्याचे गड्डे घालून पंधरा, शेवटच्या आठ मिनिटांत मटार, पात आणि बेकन: बिलाच्या मागे तुम्ही लिहून दिलेल्या या वेळा तंतोतंत पाळल्या. दोन ट्रे घेतले. भाज्या एकावर एक पडल्या की सुटलेल्या वाफेत शिजतात, भाजल्या जात नाहीत. दुसऱ्या ट्रेमध्ये सासूबाईंसाठी नुसत्या तुपातल्या ठेवल्या, त्याही चांगल्या झाल्या, पण खरं सांगायचं तर पहिल्या ट्रेची सर नाही.

तिखटाच्या डब्याला हात लावायचा नाही, फक्त मिरपूड, ही अट नागपूरच्या बाईला किती जड जाते ते तुम्हाला ठाऊक असणार. पाळली. मीठही शेवटी चाखून पाहिलं, लागलंच नाही. लिंबाऐवजी मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याचं, संत्रं पिळलं, थोडी साल किसून टाकली. ही तेवढी माझी अक्कल. संत्र्याच्या गावात लिंबू कशाला? चरबीचा जडपणा त्याने छान कापला.

बर्फाची पिशवी आणि वर चार पदरी वर्तमानपत्र बांधून दिलंत, "डिक्कीत ठेवून बाजारात फिरू नका" असा दमही दिलात. मार्चचं ऊन आणि बेकन म्हणजे खारवून धूर दिलेलं असलं तरी कच्चंच मांस, हे मला कोण सांगणार होतं? पिशवीचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

विहीणबाईंनी दोनदा वाढून घेतलं. गोव्याची माणसं, डुकराच्या मांसातलं त्यांना कळतं. त्यांनी कृती विचारली तेव्हा मी तुमचं दुकान सांगितलं.

मनापासून आभार. एकच तक्रार: कढईत उरलेल्या चरबीत दुसऱ्या दिवशी अंडी किती भारी होतात, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. शनिवारी येते. दीडशे ग्रॅम काढून ठेवा, या वेळी काप जरा जाड.

तुमची,
अर्धा किलोवाली ताई