नोकरी, ‘छावा’ आणि उज्जैनची मंडळी

पुणे

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला घेतलं असतं तर बाबा मध्येच “थांब, आईकडे देतो” म्हणाले असते, म्हणून लिहितेय. बँकेतली नोकरी मी सोडली. राजीनामा मंजूर झालाय. आता सिनेमावर लिहिणं हेच काम. आणि मला बघायला येणाऱ्या उज्जैनच्या मंडळींसाठी मी इंदूरला येणार नाही.

आई, लगेच पत्र मिटू नकोस. सबटायटल्सचं काम दर महिन्याला येतं, त्यात भाडं आणि डबा सुटतो. डब्यातल्या पोळ्या मऊ असतात, वरण रोज असतं. मेडिक्लेम माझा मी काढलाय. बाबांच्या डोळ्यांसाठी ठेवलेल्या एफडीला हात लावलेला नाही, लावणारही नाही. वर्षभराची शिल्लक बाजूला ठेवल्यावरच राजीनामा दिला. बँकेत मी दुःखी होते असंही नाही. पण संध्याकाळी उरलेल्या डोक्यानं लिहायचं, हे मला पुरेना.

बाबा, ‘छावा’ सिनेमावर मी जे लिहिलं त्यावरून तुम्ही अजून घुश्शात आहात. मध्य प्रदेशात तो करमुक्त झाला, तुम्ही अख्खी गल्ली घेऊन गेलात, आणि इकडे लेकीनं खोट काढली. पण शंभूराजांच्या शौर्याबद्दल मी एक शब्द वावगा लिहिलेला नाही. माझं म्हणणं इतकंच, की संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा माणूस मला पडद्यावर फारसा भेटला नाही. कवी कलशांबरोबर असताना तो जरा डोकावतो (विनीत कुमार सिंहनं कलश फार सुरेख केलेत), की लगेच गर्जना सुरू. शेवटचा छळ इतका लांबवलाय की जखमाच लक्षात राहतात, राजा मागे पडतो. मला राजा जास्त हवा होता. आणि ही सवय तुमचीच. सानंद संस्थेचं नाटक सुटलं की स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या मला विचारायचात, “आवडलं ना? मग काय आवडलं ते सांग.” “छान होतं” एवढ्यावर तुम्ही मला कधी सोडलं नाहीत. घर येईपर्यंत मी बडबडत असायची आणि तुम्ही मुद्दाम हळू चालवायचात.

आई, तू मात्र ‘स्थळ’ हा सिनेमा बघ. जयंत सोमलकरांनी स्वतःच्याच गावात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, गावच्याच माणसांना घेऊन केलाय. २०२३ मध्ये टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, आपल्याकडे लागायला मार्च २०२५ उजाडला. त्यातली सविता बीएला आहे, तिला पुढे शिकायचंय. पाहुणे येतात, नाव, उंची, शिक्षण, छंद विचारतात, जातात. मग दुसरे येतात. तेच प्रश्न, तेच पोहे. दिग्दर्शक घाई करत नाही, म्हणून दर खेपेला ते जास्त बोचतं. त्या रांगेसमोर आपणच बसलोय असं वाटायला लागतं. सुरुवातीला सविताला स्वप्न पडतं, त्यात बायका बसल्यात आणि मुलाला बघतायत. सगळे हसले, मीही हसले, मग हसू येईना.

पण मला रडवलं ते तिच्या वडिलांनी. वाईट माणूस नाही गं तो. कापसाला भाव नाही, हुंड्याची चिंता, आणि लेकीवर जीव. तिच्या काळजीपोटीच तो तिला त्या लोकांसमोर बसवतो. तुमचंही तसंच आहे, हे मला कळतं. रामबागेतला तो दिवस मी काढत नाही, त्यात तुमचा दोष नव्हता. फक्त पुन्हा तशी बसणार नाही. लग्नच नको असं म्हणत नाहीये.

उज्जैनला फोन मी स्वतः करते, नीट बोलते. तुम्हाला कुणासमोर ओशाळं व्हायला लागणार नाही.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदूची तारीख या महिन्यातच घ्यायची, मी येतेय, ड्रॉप मी घालणार. सराफ्यातले तळलेले गराडू खाणं बंद, साखर वाढलीये. रात्री स्कूटर काढायची नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात शोभेला ठेवलेला नाही. पाणी भरायला बाईंना सांग, तू बादल्या उचलू नकोस. थिएटरला जाल तेव्हा दुपारचा खेळ आणि कडेच्या खुर्च्या घ्या, म्हणजे पाय लांब करता येईल.

बाबा, ‘छावा’वर माझं काय चुकलं ते लिहून पाठवा. मुद्द्यांसकट.

तुमची,
चिमी

ता. क. आई, रक्ताचे जुने रिपोर्ट देवघराखालच्या खणात आहेत. डॉक्टरांकडे जाताना ते आठवणीनं ने.