खोडरबरने रॅम पुसून माझा सीझन वाचवणाऱ्या दादांना

दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण वाचलंत तर लगेच कळेल की ही लग्नपत्रिकावाली ताई.

ऐन लग्नसराई, सकाळी प्रेसला फाइल द्यायची आणि आदल्या संध्याकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. फॅन फिरतोय, लाइट लागतेय, स्क्रीन मात्र काळी आणि आतून नुसतं बीप बीप. आधी जिथे दाखवला तिथे न उघडताच सांगितलं की मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या. माझ्या तर डोळ्यात पाणी आलं होतं. मग तुम्ही आलात, कॅबिनेटची बाजू काढलीत आणि म्हणालात, "ताई, बीप वाजतोय ना, म्हणजे काय दुखतंय ते तो सांगतोय." रॅमची, म्हणजे चालू काम मांडून ठेवणाऱ्या मेमरीची पट्टी काढलीत, माझ्या मुलीच्या कंपासमधला खोडरबर मागितलात, त्या सोनेरी पिना हलक्या हाताने पुसल्यात, ब्रशने स्लॉट साफ केलात आणि पट्टी परत दाबलीत. दोन्ही बाजूंनी टक् टक् झालं आणि मशीन चालू!

पैसे घेऊन तुम्ही निघून गेला असतात तरी मी खूश होते. पण तुम्ही माझ्या मुलीला जवळ बोलावून आतलं सगळं दाखवलंत, त्यासाठी हे पत्र. बारा वर्षं मी या डब्यावर घर चालवतेय आणि आत काय आहे ते मला कोणी कधी दाखवलंच नव्हतं.

तुम्ही सांगितलंत, एसएमपीएस म्हणजे आतली वीज पुरवणारी पेटी, ती घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन आत १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देते. बटण दाबलं की मदरबोर्डवरच्या छोट्या चिपमधला प्रोग्रॅम आधी हजेरी घेतो, त्यात रॅमच सापडली नाही तर विंडोज मांडायला जागाच नाही, मग पुढे जाणार कसं, म्हणून तो बीप.

आणि ते ओट्याचं उदाहरण. रॅम म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळा, प्रोसेसर ओट्यावरच स्वयंपाक करणार. माझा ओटा ४ जीबीचा, त्यावर कोरल, फोटोशॉप आणि ब्राउझर एकदम, जागा संपली की एक भांडं माळ्यावर चढवायचं नि दुसरं उतरवायचं, म्हणून सगळं अडकायचं. त्यात ती जुनी डिस्क मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या मारते, मला ते प्रचंड वाटलं, पण तिच्या एका फेरीच्या वेळात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे अडीच कोटी ठोके होतात म्हणालात! मुलीने वहीत गुणाकार करून बघितला, बरोबर आला. म्हणजे प्रोसेसर बिचारा वाट बघत बसायचा आणि मी त्यालाच स्लो म्हणायचे.

लाइट गेली की टाइप केलेलं का जातं तेही त्याच दिवशी कळलं. की दाबली की अक्षर प्रोसेसरकडून रॅममध्ये जातं, तिथून स्क्रीनवर दिसतं, पण वीज गेली की रॅम कोरी, डिस्कवर काही पोचलेलंच नसतं. एकदा वधूकडची अख्खी नावांची यादी गेली होती माझी, रात्री अकरा वाजता परत टाइप केली होती. आता दर दोन ओळींनी हात आपोआप कंट्रोल एसवर जातो.

त्याच्या पुढच्या महिन्यात तुम्ही बसवून दिलेली २४० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, आणि आणखी ४ जीबी रॅम मस्त चालू आहे, चहा व्हायच्या आत विंडोज उघडलेलं असतं. जुनी डिस्क तुम्ही सांगितलं तशी बॅकअपला ठेवलीय, सगळ्या पत्रिका तिच्यात आहेत.

मुलगी आता आठवीत आहे, परवा मैत्रिणीच्या घरचा कॉम्प्युटर बीप करत होता तर ही खोडरबर घेऊन निघाली, मीच म्हटलं आधी प्लग काढायला सांग. तेही तुम्हीच शिकवलेलं.

दादा, मनापासून आभार. त्या दिवशी घाईत चहा न घेता गेलात, तो बाकी आहे.

तुमची,
लग्नपत्रिकावाली ताई