दुखते कुठे, हे आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्त्रियांच्या आरोग्याविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. परंतु संभोगाच्या वेळी होणाऱ्या वेदनेचा उल्लेख आलाच, तर तो बहुधा ‘मनातील भीती’ म्हणून निकालात काढला जातो. माझा आक्षेप त्याला आहे.

बाळंतपणानंतर कित्येक महिने मला हा त्रास होता. टाके भरले आहेत, आता मन मोकळे ठेवा, एवढेच मला तपासणीत सांगण्यात आले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी कापसाच्या ओल्या काडीने योनिमुखाभोवती एकेका ठिकाणी हलकेच स्पर्श करून पाहिले, तेव्हा व्रणाची एक जागा अशी निघाली की काडी टेकताच मी दचकले. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी राहिल्यामुळे योनिमार्ग कोरडा पडू शकतो, हेही मला तेव्हाच कळले.

वेदना प्रवेशाच्या वेळी होत असेल, तर कोरडेपणा, जंतुसंसर्ग, तेथील त्वचेचे विकार किंवा कटितळाच्या (ओटीपोटाच्या तळाशी असणाऱ्या) स्नायूंचे आपोआप होणारे आकुंचन यांचा विचार करावा लागतो. आत खोलवर दुखत असेल आणि पाळीतही असह्य कळा येत असतील, तर एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची, शंका घ्यावी लागते. प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना होणारा हा आजार, सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून, नाही असे म्हणता येत नाही.

भीती खोटी असते असे नाही. दोन-चारदा दुखले की शरीर आधीच सावध होते, स्नायू आवळले जातात आणि मग अधिकच दुखते. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाने २०१३ मध्ये वेदना, भीती आणि स्नायूंचे आकुंचन यांना एकाच निदानात आणले, ते यामुळेच. (ऐकीव माहितीवर कीगल व्यायाम, म्हणजे कटितळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम, सुरू करणाऱ्या मैत्रिणींना सांगावेसे वाटते की, स्नायू मुळात आवळलेले असतील तर त्याने त्रास वाढू शकतो, अशा वेळी ते सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपी लागते.) रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणावर स्थानिक इस्ट्रोजेनचे मलम मिळते, पण ‘या वयात कशाला’ या प्रश्नापुढे ते मागण्याचे धाडस किती जणी करतील?

तपासणीच्या वेळी शेवटच्या पाळीची तारीख न चुकता विचारली जाते. तिच्यापाठोपाठ ‘संबंधाच्या वेळी दुखते का’ हा प्रश्नही डॉक्टरांनी आपणहून विचारावा, आणि तो विचारताना पती किंवा सासूबाईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगावे, एवढी विनंती आपल्या पत्रातून त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

आपली,
एक वाचक