ग्राहकाला ग्रेड दाखवूनच ऑइल टाकावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च लागला की विदर्भातल्या दुचाकींच्या गॅरेजांमध्ये एक सल्ला हमखास मिळतो : ‘ऊन वाढलंय, या वेळी जाड ऑइल टाकू.’ पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या आमच्या भागात तो पटकन पटतो आणि ज्या गाडीला कंपनीने १०डब्ल्यू-३० ग्रेडचे इंजिन ऑइल सांगितले आहे, तिच्यात २०डब्ल्यू-५० ओतले जाते.

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहते ते सांगतो, तर नंतरचा आकडा १०० अंशांना त्याचा दाटपणा किती उरतो ते दर्शवतो. हवेने थंड होणारे इंजिन उन्हाळ्यात अधिक तापते हे खरेच आहे. परंतु इथे विकायच्या गाडीचा ग्रेड ठरवताना कंपनीने इथले ऊन हिशेबात धरलेले असते. शिवाय ३० आणि ५० यांतला फरक किरकोळ नाही. १०० अंशांना ५० ग्रेडचे सर्वांत पातळ ऑइलसुद्धा ३० ग्रेडच्या सर्वांत जाड ऑइलपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक दाट असते. स्प्लेंडरसारख्या १०डब्ल्यू-३० वर चालणाऱ्या लहान इंजिनात असे ऑइल भरले, तर सकाळी गाडी सुरू केल्यावर ते वर टॅपेटपर्यंत (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांपर्यंत) पोहोचायला वेळ घेते, इंजिन जड चालते आणि अ‍ॅव्हरेजही घटते. उलट चूकही तितकीच वाईट. १५डब्ल्यू-५० मागणाऱ्या बुलेटमध्ये पातळ ऑइल टाकल्यास तापलेल्या इंजिनात धातूंच्या मधला थर कमकुवत होतो. जाड तेवढे चांगले किंवा पातळ तेवढे आधुनिक, असा सरसकट नियम नाही. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत जो ग्रेड छापला आहे, तोच योग्य.

फार झिजलेल्या जुन्या इंजिनाचा आवाज दबावा म्हणून काही कारागीर एक पायरी जाड ऑइल सुचवतात. तात्पुरता उपाय म्हणून ते समजण्यासारखे आहे, मात्र त्याने झीज भरून निघत नाही, हे मालकाला आधी सांगितले पाहिजे.

ग्रेड जुळला म्हणजे काम संपले, असेही नाही. बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑइल पुरते, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (दुचाकीच्या ऑइलसाठीच्या जपानी मानकातले, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारे दर्जे) असणे आवश्यक आहे. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात; त्यांमुळे चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी पुढे ओढत नाही, म्हणजेच क्लच सटकू लागतो. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसल्यामुळे तिला त्याच मानकातला कमी घर्षणाचा ‘एमबी’ दर्जा चालतो. स्कूटरच्या ऑइलचा उरलेला डबा घरातल्या मोटारसायकलीत रिकामा करणे मात्र टाळावे.

गाडीमालकांना विनंती आहे की, सर्व्हिसिंगला जाताना पुस्तिकेतले ते पान मोबाइलमध्ये टिपून न्यावे, सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला सांगावे आणि ड्रममधले सुटे ऑइल नाकारावे. गॅरेजचालकांनी बिलावर नुसते ‘ऑइल’ न लिहिता ग्रेड, जासोचा दर्जा आणि भरलेले प्रमाण लिहावे. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही, आणि पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या गॅरेजला गेली तरी आत कोणते ऑइल आहे, हे तिथल्या कारागिराला कळते.

आपला,
एक वाचक, अकोला