लॉगबुकात नसलेला रकाना

ओलेसुंद, नॉर्वे
18 मे 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना नंदूचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि आईचा आवाज जरा बदलला की माझं पुढचं बोलणं राहूनच जातं. म्हणून पत्र लिहिते आहे. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

इथली पीएच.डी.ची जागा मी घेतली आहे. तीन वर्षांची आहे. करारावर सही झाली आणि कोचीच्या नोकरीचा राजीनामाही पाठवला. थोड्या महिन्यांसाठी जाते म्हणून निघाले होते, आणि आता तीन वर्षं म्हणते आहे, हे वाचून तुम्हाला काय वाटेल ते मला इथे बसून दिसतंय. दिवाळीत बाबांना स्टेंट बसली, आईच्या गुडघ्यांचं ते तसं, आणि मुलगी निघाली जगाच्या टोकाला. दादा काहीच बोलला नाही, पण तो गप्प बसला की त्याचा अर्थ काय असतो ते आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आधी पैशांचं सांगते, कारण बाबा तेच मनात धरून बसतील आणि विचारणार नाहीत. इथे पीएच.डी. करणाऱ्याला नोकरदारासारखा दरमहा पगार मिळतो. घराच्या हप्त्यातला माझा वाटा पूर्वीसारखाच दर महिन्याला येईल. वर्षाला पाच आठवडे रजा आहे, ती मी सगळी गणपतीसाठी राखून ठेवणार. आणि आई, त्या स्थळाबद्दल जे ठरलं होतं ते ठरलं होतं. त्याचा आणि या निर्णयाचा संबंध जोडू नकोस. त्या लोकांनी नाही म्हटलं नसतं तरी मी इथे आलेच असते.

आता काम काय ते सांगते. मागे फोनवर 'जहाजावरच्या माणसांच्या भावना मोजतो' असं म्हटलं तेव्हा बाबा हसले होते. हसण्यासारखं नाही ते, बाबा.

आमच्याकडे जहाजाचा नकली ब्रिज आहे, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती खोली. खुर्च्या, रडार, इंजिनाचे हँडल, सगळं खऱ्यासारखं, आणि काचेच्या जागी पडदे. पडद्यावर समुद्र उसळतो. जमीन जागची हलत नाही, तरी लाट आली की वीस-वीस वर्षं बोटीवर काढलेला माणूससुद्धा कठडा धरतो. त्याच्या बोटांना आम्ही दोन छोटे इलेक्ट्रोड लावतो. तळहाताला घाम येतो तो कुणी ठरवून आणत नाही. त्वचा दमट झाली की तिच्यातून वीज सहज जाते, आणि त्यावरून आत काहीतरी चाळवलंय हे कळतं. छातीवर पट्टा असतो, तो हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर टिपतो. निवांत माणसाचं हे अंतर सारखं थोडंथोडं कमीजास्त होत असतं, ताण आला की ते एकसुरी व्हायला लागतं. डोळ्यांवर चष्मा असतो, त्यातून नजर कुठे गेली, कुठे अडकली ते दिसतं.

पण घामावरून एवढंच कळतं की माणूस चाळवला. घाबरून की खूश होऊन, ते घाम सांगत नाही. म्हणून शेवटी विचारावंच लागतं. चित्रीकरण परत लावून आम्ही त्याच्या शेजारी बसतो आणि विचारतो, 'इथे काय वाटलं होतं?' मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. परवा एक कॅप्टन आले होते, बाबांच्याच वयाचे. ताण आला का, तर म्हणाले, अजिबात नाही. आणि आमच्या कागदावरची रेघ एका जागी सरळ वर चढलेली. ती जागा दाखवली तेव्हा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, अलार्म वाजला होता, पण तो कोणत्या पॅनलवरचा तेच सापडत नव्हतं. चष्म्याच्या नोंदीतही त्यांची नजर सगळ्या पडद्यांवरून भिरभिरत फिरलेली दिसते, आणि तेवढा वेळ समोरच्या बोटीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

चूक त्या कॅप्टनची नव्हती. ब्रिजवर रडार एका कंपनीचं, नकाशा दुसरीचा, इंजिनाचं पॅनल तिसरीचं. प्रत्येकाचं बटण वेगळं आणि बोंबलणं वेगळं. जहाज बांधताना ते सगळं एका टेबलावर मांडलं की झाला ब्रिज. ऑस्लोच्या डिझाइन कॉलेजातले लोक बरीच वर्षं सगळ्या उपकरणांची चिन्हं आणि पडदे एकसारखे करायच्या मागे लागले आहेत. आपण मोजतो ते अशांच्या हाती गेलं, तर पुढच्या जहाजावर तो अलार्म नजरेसमोर असेल.

बाबा, तुम्हाला आठवतं का, विहिरीवरच्या पंपाला लांब स्क्रूड्रायव्हर लावून त्याची मूठ कानाला टेकवायचात तुम्ही? बेअरिंग कुरकुरतंय का ते ऐकायचात. मग मला उचलून घ्यायचात आणि माझाही कान त्याला लावायचात. 'ऐक, याचं पोट दुखतंय,' म्हणायचात. मला खरंच वाटायचं की पंपाला पोट असतं. तुम्ही पुन्हा बोटीवर निघून गेलात की मी रोज शाळेतून आल्यावर पंपाला कान लावून बसायची, त्याचं पोट दुखलं तर तुम्ही लवकर परत याल म्हणून. आईने हे तुम्हाला कधी सांगितलं नसेल.

तुम्ही सांगायचात की दर वॉचला, म्हणजे दर पाळीला, लॉगबुक भरायचं. तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, एकेका सिलिंडरच्या धुराचं तापमान, सगळं आकड्यांत. इंजिनाला जरा कणकण आली तरी ती कागदावर यायची. आणि त्या इंजिनाशेजारी पंचेचाळीस डिग्रीत उभा असलेला माणूस किती झोपला, त्याचं डोकं दुखतंय का, त्याला घरची आठवण येऊन जीव नकोसा झालाय का, यासाठी त्या पुस्तकात रकानाच नव्हता. मला तो रकाना हवा आहे. एवढं साधं आहे माझं काम, आणि ते मला तुमच्यामुळे सुचलं.

वाईट वाटून घेऊ नका. तुमची नोकरी वाईट होती असं मी म्हणत नाही. त्याच नोकरीवर हे घर उभं राहिलं, दादाची मुंबई झाली, माझी फी भरली गेली. तुम्ही साइन ऑफ करून आलात की गल्लीत आमची मान ताठ असायची. पण सुट्टीवर आल्यावर पहिले आठ-दहा दिवस तुम्हाला झोप लागायची नाही, घर फार शांत आहे म्हणायचात आणि रेडिओ लावून झोपायचात. जेवताना ताटाला डावा हात धरून बसायचात, ताट घसरेल म्हणून. आम्ही हसायचो. ते शरीर जहाजावरून घरी आलेलंच नव्हतं, हे मला आता आमच्या कागदावरच्या रेघा बघून कळतंय.

आणि तुमचा डावा कान. इंजिन रूममध्ये आवाज 110 डेसिबलपेक्षा जास्त नको, केबिनमध्ये मोठ्या जहाजावर 55 आणि लहान जहाजावर 60 पेक्षा जास्त नको, हे नियम आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने बंधनकारक केले ते 1 जुलै 2014 नंतरच्या नव्या जहाजांसाठी. तुम्ही त्याआधीच निवृत्त झाला होतात. तुमच्या वेळी 1981 ची मार्गदर्शक सूचना होती, ती पाळली तर पाळली. हे वाचलं त्या दिवशी मला काम सुचेना.

झोपेचं तर विचारूच नका. 2010 च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात 'शेन नेंग 1' नावाची कोळशाची बोट ग्रेट बॅरियर रीफवर चढली. वॉचवर चीफ मेट होता, कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी. त्याआधीच्या साडेअडतीस तासांत त्याला अडीच तास झोप मिळाली होती. अडीच तास, बाबा! त्याच सुमारास युरोपात 'होरायझन' नावाचं मोठं संशोधन झालं. 90 अधिकाऱ्यांना सिम्युलेटरवर, म्हणजे आमच्यासारख्याच नकली जहाजावर, खऱ्यासारख्या पाळ्या लावल्या आणि मेंदूच्या लहरी मोजल्या. सहा तास काम, सहा तास सुट्टी असं चक्र चार तास काम, आठ तास सुट्टी या चक्रापेक्षा जास्त थकवतं, हे तिथे आकड्यांनी सिद्ध झालं. तुम्ही ते कुणीही न विचारता सांगितलं असतं, पण तुमच्या तोंडी सांगण्यावर कुणी जहाजाचं वेळापत्रक बदलत नाही. आकडा लागतो.

तुमच्या मनात पुढचा प्रश्न येणार, तो मलाही रात्री छळतो. उद्या कंपनीला कळलं की हा माणूस अंधारात घाबरतो, तर त्याला पुढचं कॉन्ट्रॅक्ट कोण देणार? म्हणूनच आमच्याकडे कुणाचंही नाव नोंदीबरोबर राहत नाही आणि मध्येच पट्टे काढून निघून जायची मुभा आहे. युरोपियन युनियनने तर या फेब्रुवारीपासून कामाच्या ठिकाणी यंत्राकरवी माणसाच्या भावना ओळखायला बंदीच केली आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी सोडून. नॉर्वे युनियनमध्ये नाही, पण मला तो कायदा पटतो. मोजायचं ते जहाज सुधारायला, माणसाला पकडायला नाही. यात कुठे गडबड दिसली तर मी या कामात राहणार नाही, हा शब्द तुम्हाला देते.

हे भारतात का नाही, असं दादाने विचारलं होतं. आपल्याकडे जहाजं उत्तम बांधतात, मी तिथेच शिकले. पण इथे एकाच किनाऱ्यावर जहाज बांधणारे, चालवणारे, सिम्युलेटरवाले, सगळे शेजारी-शेजारी आहेत. जवळच उल्स्टाइनविक म्हणून गाव आहे. तिथल्या लोकांनी 2006 साली नाळ, म्हणजे पुढचं टोक, उलटी झुकवलेलं जहाज बांधून दिलं. ती नाळ लाटेवर धाडकन आपटत नाही, कापत आत जाते. पावसाळ्यात अरबी समुद्रात बोट आपटायची तेव्हा बंकमधून फेकले जायचो म्हणायचात ना? अशा जहाजावर तुम्हाला झोप लागली असती.

आई, आता तुझ्यासाठी. मी नीट जेवते. राइस कुकर घेतला आहे. इथला माकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा थोराड भाऊ, त्याला तू दिलेली तिरफळं घालून तिखलं करते. नारळाचं दूध डब्यातलं मिळतं, कोकम अजून पुरेल. या गावाची बरीच भरभराट मीठ लावून सुकवलेल्या कॉडवर झाली, बंदरावर गेलं की मिरकरवाड्याची आठवण येते. खोली उबदार आहे, थंडी इतकी नाही, समुद्र उबदार असल्यामुळे बर्फसुद्धा फार टिकत नाही. डिसेंबरात उजेड पाचएक तासच असतो, त्यासाठी सगळे कॉड लिव्हर ऑइल घेतात, मीही घेते. बाबा लहानपणी नाक दाबून घ्यायला लावायचे त्याच पिवळ्या गोळ्या. काल इथे राष्ट्रीय दिवस होता, सगळं गाव नटूनथटून रस्त्यावर. मी तुझी हिरवी नऊवार नेसले होते. फोटो दादाला पाठवले आहेत, तो दाखवेल.

आता मी सांगते ते ऐकायचं, वाद घालायचा नाही.

बाबा, कानाचं मशीन डब्यात ठेवण्यासाठी घेतलेलं नाही. सकाळी दात घासले की ते कानात गेलं पाहिजे. विहिरीवर उतरायचं नाही, पंप बिघडला तर माणूस बोलवायचा. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, उपास असो की काही असो. आई, गुडघ्यांसाठी फिजिओथेरपीवाली येते तिला 'आज राहू दे' म्हणून परत पाठवायचं नाही. मागच्या बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा आहे, पैसे पाठवले आहेत, ते इतर कशात घालू नका. फोन मी रोज तुमच्या रात्री नऊला करेन. दोघांनी 'आम्ही बरे आहोत' एवढं म्हणून फोन ठेवायचा नाही. कॅप्टनही तसंच म्हणाले होते.

रविवारी दादा येतोय, त्याच्याकडे ब्लडप्रेशरचं मशीन आणि एक जाड वही दिली आहे. वहीत मी रेघा मारून ठेवल्या आहेत. सकाळ-संध्याकाळ प्रेशर, उपाशीपोटी साखर, आणि रात्री किती तास झोप लागली. शेवटचा रकाना 'कसं वाटलं' याचा आहे, त्यात 'ठीक' लिहिलेलं चालणार नाही. बाबा, तुमचं अक्षर सुंदर आहे, तुम्हीच लिहा. पहिलं पान दादासमोर भरा आणि फोटो मला पाठवायला सांगा.

तुमची,
नंदू

ता. क. बाबा, आमच्या प्रकल्पात आत्तापर्यंत सगळं ब्रिजचंच चालू आहे. मी इंजिन रूमचा विषय काढला आहे, माझ्या सरांनी आधी प्रश्न तयार करून आण म्हणून सांगितलंय. तेव्हा वेळ काढून मला लिहून पाठवा: रात्रीच्या वॉचला कोणता आवाज आला की तुमच्या पोटात गोळा यायचा? अलार्म वाजल्यावर आधी कुठे बघायचात? तेव्हा कुणाशी बोलावंसं वाटायचं, आणि बोलता यायचं का? सविस्तर लिहा, तुमच्या इंजिन रूमच्या मोटरमनच्या भाषेत लिहा, मला सगळे शब्द कळतात.