हायाबुसासाठीच्या लोअरिंग किटबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : मोटरसायकल 50 मिमी खाली बसवण्याचे सदोष लोअरिंग किट, अपुरे माहितीपत्रक आणि रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीकडून घेतलेले लोअरिंग किट सुझुकी हायाबुसाच्या तिसऱ्या पिढीच्या गाडीवर बसवले होते. ते आता उतरवून ठेवले आहे. किटमध्ये मागच्या शॉकच्या दोन लांब लिंक, म्हणजे डॉगबोन, आणि पुढच्या फोर्कसाठी एक ड्रॅग पट्टा, म्हणजे सरळ धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीत फोर्क दाबून धरणारा पट्टा, आहे. खोक्यावर लिहिले आहे : ‘रस्ता आणि ड्रॅग दोन्हींसाठी. 50 मिमी खाली. बाकी काही बदलावे लागत नाही.’ यातले शेवटचे वाक्य धोकादायक आहे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आधी मापाचा दोष. दोन्ही लिंक व्हर्नियरने मोजल्या : दोन भोकांच्या आतल्या कडांमधले अंतर अधिक एका भोकाचा व्यास. डावी लिंक उजवीपेक्षा 0.9 मिमी लांब निघाली. या दोन लिंक एकाच रॉकरला, म्हणजे चाकाची हालचाल शॉककडे नेणाऱ्या तरफेला, जोडतात. लांबीत फरक असला की रॉकर तिरका ओढला जातो, सगळा भार एका बाजूच्या लिंकवर येतो आणि निडल बेअरिंग (बारीक रोलरांचे) एका कडेने खाल्ले जाते. 10 मिमी बोल्टसाठीचे भोक डाव्या लिंकला 10.6 मिमी आहे. त्यामुळे खड्ड्यात मागून ‘टक’ असा आवाज येत होता. किट उतरवल्यावर ते भोक उभ्या दिशेने लांबट झालेले दिसले. ॲल्युमिनियमच्या लिंकमध्ये स्टीलचा बुश (भोकातली नळी) न घालता बोल्ट थेट बसवला, तर हे होणारच. बोल्ट किती टॉर्कला आवळायचा, याचा आकडा माहितीपत्रकात कुठेच नाही.

आता मुख्य मुद्दा. लांब लिंकने गाडी खाली बसते, पण शॉकची चाल तेवढीच राहते. मूळ मापात शॉक पूर्ण दबला की चाक जिथे थांबायचे, त्याच्या जवळपास 50 मिमी वर ते आता जाते. तिथे आतला प्लास्टिक मडगार्ड आहे. शिवाय लांब लिंकमुळे चिमटा, म्हणजे मागचे चाक धरणारा स्विंगआर्म, आडवा होतो आणि जोरात थ्रॉटल दिल्यावर गाडी मागून जास्त बसते. म्हणजे जागा कमी झाली, त्याच वेळी चाक वर जाण्याचा जोरही वाढला.

ही जागा तपासायची रीत सोपी आहे आणि ती आपल्या माहितीपत्रकात असायलाच हवी होती. गाडी फ्रेमवर टांगायची, शॉक काढायचा. शॉक पूर्ण दबल्यावर त्याच्या दोन डोळ्यांमध्ये (टोकांच्या बोल्टच्या भोकांमध्ये) जेवढे अंतर राहते, तेवढ्या अंतरावर दोन भोके पाडलेली लोखंडी पट्टी त्याच्या जागी बोल्टने लावायची. आता चाक शेवटच्या टोकाला असते. हात घालून टायर फिरवायचा. आपल्या लिंकसह टायर या टोकाला पोचतच नाही : 11 मिमी आधीच मडगार्डला टेकतो. प्लास्टिकवर बोटभर रुंदीची चकचकीत खाच पडली आहे आणि तिच्या कडेला वितळलेल्या रबराची काळी गुंडाळी चिकटली आहे. वेगात टायर फुगतो, त्यासाठी आणखी 8 ते 10 मिमी सोडावे लागतात. चाकाशी 20 मिमी वाचवायचे, तर शॉकच्या दांड्यावर, शेवटचा धक्का झेलणाऱ्या बंप रबराखाली, साधारण 10 मिमीचा स्पेसर हवा, कारण दांड्याच्या 1 मिमीला चाक अंदाजे 2 मिमी हलते. शिवाय उरलेल्या कमी चालीत वजन सांभाळायला कडक स्प्रिंग हवी. किटमध्ये यातले काहीच नाही.

पुढच्या बाजूचे तर आपण नावच घेतलेले नाही. फक्त मागून 50 मिमी खाली घेतले, तर 1480 मिमी व्हीलबेसवर (दोन चाकांच्या आसांमधल्या अंतरावर) गाडी जवळजवळ 2 अंश मागे कलते. मूळ 23 अंशांचा रेक, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा उभ्या रेषेशी असलेला कल, 25 च्या आसपास जातो, ट्रेलही (तो अक्ष जमिनीला मिळतो तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर) वाढतो आणि वळवताना हँडल जड लागते. फोर्क टीमधून (फोर्कच्या नळ्या धरणाऱ्या क्लॅम्पमधून) 25 मिमी वर सरकवला तर हा फरक निम्मा होतो. पण सरकवण्याआधी मडगार्ड ते रेडिएटर आणि मडगार्ड ते खालची टी ही अंतरे फोर्कच्या उरलेल्या चालीपेक्षा जास्त आहेत का, हे मोजावेच लागते. हेडलाइटचेही तसेच. 1 अंश वर गेलेला झोत 25 मीटरवर 44 सेंटीमीटर उंच पडतो, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत.

ड्रॅग पट्ट्याबद्दल कडक इशारा हवा होता. पट्टा फोर्क दाबून धरतो, गुरुत्वमध्य खाली येतो आणि सुटताना पुढचे चाक उशिरा उचलते. गुरुत्वमध्य 650 मिमी उंच आणि मागच्या आसापासून 740 मिमी पुढे धरला, तर सुमारे 1.14 जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या 1.14 पट प्रवेगाला) चाक उचलते; 40 मिमी खाली आणल्यावर ती मर्यादा 1.21 जी होते. धावपट्टीवर हा फायदा खरा आहे. पण रस्त्यावर पट्टा बांधलेला राहिला तर खड्ड्यात चाक खाली उतरूच शकत नाही, त्याची पकड सुटते. आपल्या जाहिरातीतल्या फोटोत मात्र पट्टा बांधलेली गाडी भर वाहतुकीत उभी आहे. हा फोटो आजच काढा.

जमिनीपासूनची उंची मूळ 125 मिमी; मागून 50 आणि पुढून 25 घेतल्यावर मध्यभागी 88 मिमीच्या आसपास राहते. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाचा 3.7 मीटर लांब, 100 मिमी उंच गतिरोधक यात अडत नाही, कारण त्याच्या गोलाईत दोन चाकांमध्ये जेमतेम 16 मिमी खर्च होतात. अडतात त्या गल्लीतल्या अरुंद, उभट उंचवट्याच्या पट्ट्या. आणि आपल्या ग्राहकांच्या वाट्याला बहुतेक त्याच येतात. साइड स्टँड न कापता गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि हलक्या धक्क्यानेही उजवीकडे पडू शकते. चेनची ढिलाईही स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट आणि मागचा आस एका रेषेत आणून नव्याने ठरवावी लागते.

आमच्या मागण्या अशा : किटची पूर्ण रक्कम आणि खराब झालेल्या रॉकर बेअरिंगचा व मडगार्डचा खर्च परत द्यावा. याच उत्पादन गटातील सर्व लिंकची मापे तपासून सदोष जोड्या परत मागवाव्यात. टॉर्क, टायरची जागा, स्पेसर, फोर्क आणि स्टँड यांची मापे असलेले मराठी माहितीपत्रक आधीच्या ग्राहकांनाही पाठवावे. खोक्यावरचे ते वाक्य काढावे.

वापराच्या पुरेशा सूचना आणि धोक्याचा इशारा न दिल्याने झालेल्या हानीला ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 84 नुसार उत्पादक जबाबदार ठरतो. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली जाईल. मोजमापाचे फोटो, बिलाची प्रत आणि बेअरिंगचे फोटो सोबत जोडले आहेत. लिंक आमच्याकडे आहेत. तपासणीसाठी आपला माणूस पाठवावा, त्याच्यासमोर पुन्हा मोजून देऊ.

आपला ग्राहक,
पुणे